‘छोटा भीम’ : एक बालपट आणि त्याचे विभागलेले प्रेक्षक

एकाच कलाकृतीविषयी प्रेक्षकांत मतभेद असावा ही समीक्षेला नवी गोष्ट नाही. लोक भिन्नरुची असतात हे आपल्या जुन्या नाट्यविचाराने गृहीतच धरले होते. तथापि बालपटाच्या बाबतीत या मतभेदाला एक निराळे स्वरूप येते. येथे तिकीट काढणारा एक असतो, रस घेणारा दुसरा असतो, आणि त्या रसग्रहणाच्या परिणामांची काळजी वाहणारा बहुधा तिसराच असतो. प्रौढांचे नाटक ज्याला रुचत नाही तो उठून जातो. मुलाला घेऊन आलेला बाप उठून जाऊ शकत नाही. त्यामुळे तो जे मत देतो ते पुष्कळदा चित्रपटाविषयीचे नसून मुलाविषयीचे असते. बालपटाच्या समीक्षेने प्रथम ही गुंतागुंत सोडविली पाहिजे. ‘छोटा भीम’ ही मालिका व तिच्यातून निघालेले चित्रपट हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

हा अभ्यास एखाद्या निश्चित वस्तीच्या संदर्भात करणे सोयीचे ठरते. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कासारवाडी ही तशी वस्ती आहे. तिच्या नावात कासारांचा व्यवसाय टिकून राहिला आहे. पण आजच्या रहिवाशांची उपजीविका कासारकामावर नाही, ती पिंपरी, भोसरी, चिंचवड येथील कारखान्यांवर आणि अलीकडे चाकणपर्यंत पसरलेल्या उद्योगांवर अवलंबून आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतरच्या दशकांत या पट्ट्यात खानदेश, विदर्भ, मराठवाडा येथून, पुढे उत्तर प्रदेश, बिहार व कर्नाटक येथूनही माणसे येत राहिली. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. ६ मार्च २०२२ रोजी कासारवाडीवरून मेट्रो धावू लागली. अशा वस्तीतील एखाद्या इमारतीत अहिराणी, वऱ्हाडी, मराठवाडी आणि भोजपुरी या चारही बोली एकाच जिन्यावर ऐकू याव्यात यात नवल नाही. त्या जिन्याखाली खेळणाऱ्या मुलांना आजीच्या गोष्टींचा सामाईक साठा नसतो, कारण प्रत्येकाची आजी वेगळ्या मुलखातली असते. त्यांच्यामध्ये जे सामाईक आहे त्यात ढोलकपूरच्या भीमाचा वाटा मोठा आहे. म्हणून येथे त्या भीमाविषयी जे अनुकूल-प्रतिकूल बोलले जाते, त्याला केवळ आवडीनिवडीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

१

प्रथम वस्तुस्थिती. हैदराबाद येथील ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेने, राजीव चिलका यांच्या कल्पनेतून निर्माण केलेली ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ साली पोगो या वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाचे एक काल्पनिक राज्य. राजा इंद्रवर्मा व राजकन्या इंदुमती. भीम, चुटकी, राजू आणि जग्गू हे माकड असा एक गट. कालिया आणि ढोलू-भोलू असा त्यांच्या विरुद्धचा दुसरा गट. आणि टुनटुन मौसीचे लाडू, जे खाल्ले की भीमाच्या अंगी अचाट बळ येते. एवढ्या सामग्रीवर ही मालिका उभी आहे. तिचा चित्रगृहांसाठी केलेला पहिला चित्रपट ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ हा १८ मे २०१२ रोजी प्रदर्शित झाला. २०१३ मध्ये बालीच्या सिंहासनाची कथा आली, २०१६ मध्ये हिमालयातील साहसाची, २०१९ मध्ये कुंग फूची. त्याच २०१९ साली रांगत्या वयाच्या भीमाची एक स्वतंत्र मालिका नेटफ्लिक्सवर आली. ३१ मे २०२४ रोजी दम्यानचीच कथा पुन्हा प्रदर्शित झाली. मात्र या वेळी ती रेखाटलेली नव्हती, खऱ्या नटांनी वठविलेली होती. गुरू शंभूची भूमिका अनुपम खेर यांनी आणि स्कंदीची मकरंद देशपांडे यांनी केली.

दम्यानच्या कथेचा सांगाडा साधा आहे. सोनापूर नावाचे एक प्राचीन नगर शापित आहे. त्यातील धनाचा लोभ दाखवून ढोलकपूरकरांना तेथे नेले जाते, आणि त्यांच्या पावलाबरोबर तेथे कोंडलेला दम्यान हा दुष्ट शक्तिमान पुरुष मोकळा होतो. त्याचे निवारण वर्तमानात शक्य नसल्याने भीम व त्याचे सवंगडी हजार वर्षे मागे जातात आणि गुरू शंभूच्या साहाय्याने अनर्थाच्या मुळाशी भिडतात. लोककथेच्या अभ्यासकाला यात ‘उघडू नये ते दार’ हे जुने कल्पनासूत्र सहज ओळखू येईल. बंद दार लोभाने उघडले जाते आणि उघडणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते, हा त्याचा सर्वत्र आढळणारा आशय होय.

या चित्रपटांविषयी जी मते ऐकू येतात ती चार प्रश्नांभोवती गोळा होतात. नायकाचे नाव, चित्राचा दर्जा, पात्रांचे वर्तन आणि संवादांची भाषा हे ते चार प्रश्न होत. प्रत्येक प्रश्नावर पूर्वपक्ष आहे, तसाच उत्तरपक्षही आहे. त्यांचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

२

पहिला आक्षेप नावाविषयीचा. महाभारतातील भीम कोठे आणि लाडू खाऊन कुस्त्या मारणारा हा पोर कोठे, असा प्रश्न वडीलधारी माणसे विचारतात. या भीमाला ना भाऊ आहेत, ना द्रौपदीचा अपमान, ना प्रतिज्ञा, ना तिचे ओझे. बळ आणि भूक ही दोनच लक्षणे उचलून बाकीचे चरित्र सोडून दिले आहे. मुलाच्या मनात उद्या ‘भीम’ म्हटल्यावर वृकोदर उभा न राहता नारिंगी धोतरातील हा बालवीर उभा राहील, ही त्यांची तक्रार आहे.

या तक्रारीत तथ्य थोडे आहे. एक तर निर्मात्यांनी हा महाभारतातला भीम असल्याचा दावा कथेत केलेला नाही; ढोलकपूर हस्तिनापूर नव्हे. दुसरे असे की महाकाव्यातील पात्रे लोकांनी आपापल्या सोयीने वापरावीत ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून जो रस्ता निघतो त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकजवळ, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने ते चूक आहे. पण ज्या वस्तूचा कर्ता माहीत नाही आणि जी अचाट वाटते ती पांडवांच्या नावे करावी, हा लोकमनाचा व्यापार आहे. त्यात भीमाच्या वाट्याला बळ आणि भूकच अधिक येते. हैदराबादच्या चित्रकारांनी केले ते याहून फार निराळे नाही.

महाराष्ट्रात मात्र या नावाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो ध्यानात न घेता येथील प्रेक्षकांविषयी बोलणे अपुरे ठरेल. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ते स्थान कासारवाडीपासून लोहमार्गाने काही स्थानकांच्याच अंतरावर आहे. या परिसरातील हजारो घरांत ‘भीम’ या शब्दाने प्रथम बोध होतो तो बाबासाहेबांचा. त्या घरातील लहान मूल ‘भीम’ हे नाव अभिवादनात ऐकते, गाण्यात ऐकते आणि मग दूरचित्रवाणीवरही ऐकते. एकाच शब्दाचे तीन निर्देश अशा प्रकारे एकाच बालकाच्या कोशात एकत्र येतात, आणि ते मूल त्यांची गल्लत करीत नाही. प्रसंगावरून अर्थ ठरविण्याची जी शक्ती भाषेच्या मुळाशी आहे ती मुलाजवळ फार लवकर येते. तेव्हा नावाने गोंधळ होईल ही भीती प्रौढांची आहे. मुलाच्या भाषाशक्तीला तिचा आधार नाही.

३

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या दर्जाविषयीचा आहे. तो बहुधा तरुण प्रेक्षकांकडून येतो. परदेशी ॲनिमेशनपट पाहून ज्यांची नजर घडली आहे त्यांना ‘छोटा भीम’ची रेषा सपाट, हालचाल मोजकी आणि पार्श्वभूमी ठोकळेबाज वाटते. यातील निरीक्षण चुकीचे नाही. मालिकेच्या रोजच्या गरजेसाठी बेतलेली आकृती चित्रगृहाच्या पडद्यावर मोठी केली की तिचे दारिद्र्यही मोठे होते. दम्यानच्या कथेतील शापित नगराला जी गूढता हवी होती ती २०१२ च्या चित्रात क्वचितच उतरली आहे.

हा आक्षेप परंपरेच्या अंगानेही मांडता येतो. हालत्या चित्रांची कला महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतील काड्या नाचविल्या होत्या; पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्र केले होते; २००५ सालच्या ‘हनुमान’ या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे दिग्दर्शन व्ही. जी. सामंत यांनी केले होते. राम मोहन यांचा हात लागलेली जपानी-भारतीय ‘रामायण’ ही कृती १९९३ मध्ये पूर्ण झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये येथील चित्रगृहांत पुन्हा आली. तीत रेषेवर घेतलेले श्रम आजही जाणवतात. या तुलनेत ढोलकपूरची चित्रे घाईने काढलेली वाटली तर तो पाहणाऱ्याचा दोष नव्हे.

परंतु एवढ्यावरून निर्णय देता येत नाही. कारण चित्र हुबेहूब असणे आणि ते परिणामकारक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दम्यानच्या कथेची २०१२ ची आणि २०२४ ची अशी दोन रूपे शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होते. दुसऱ्या रूपात खरे नट आले, खरी वस्त्रे आली, संगणकाने उभारलेली नगरे आली. आणि तरीही पुष्कळ प्रेक्षकांना ते रूप अधिक खोटे वाटले. याचे कारण शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाने समजून घेता येते. भिंतीवर काढलेला घोडा पाहताना ‘हा घोडा आहे’ हे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते, सादृश्याचेही नसते. ते या चारींहून वेगळे असते, असे शंकुकाने नटाच्या संदर्भात म्हटले होते. रेखाटलेला भीम हा अक्षरशः चित्रतुरग आहे. त्याने एका मुठीत पहाड फोडला तर मूल ‘हे खरे का?’ असे विचारीत नाही, कारण रेषेने त्या प्रश्नाला आधीच रजा दिलेली असते. तोच पहाड जेव्हा हाडामांसाचा मुलगा फोडतो तेव्हा त्याचे दंड पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात, आणि ते पुरेसे जाड नाहीत हेही त्याला दिसते. अतिशयोक्ती रेषेत शोभली. देहात आल्यावर तिला पुरावा द्यावा लागला, आणि तो तिच्याजवळ नव्हता.

यावरून चित्राच्या दर्जाविषयीच्या मतभेदाचा निकाल असा लागतो. २०१२ च्या चित्रपटाची रेषा दरिद्री आहे, पण ती आपल्या जातीला प्रामाणिक आहे. २०२४ च्या चित्रपटाने खर्च वाढवून ती जातच सोडली. पहिल्यावरील आक्षेप कारागिरीचा आहे, दुसऱ्यावरील आक्षेप कलाविचाराचा आहे. आणि दुसरा अधिक गंभीर आहे.

४

तिसरा आक्षेप पात्रांच्या वर्तनाविषयीचा. तो आईबापांकडून येतो आणि त्यात सर्वांत जास्त तळमळ असते. प्रत्येक अडचण ठोशाने सुटते, बळ अभ्यासाने किंवा सरावाने न येता लाडवाने येते, असे त्यांचे म्हणणे. याला उत्तर देणारे पालकही आहेत. हा भीम खोटे बोलत नाही, दुबळ्याला मारीत नाही, राजाला आणि वडीलधाऱ्यांना मान देतो, आणि परदेशी मालिकांतील उर्मट पोरांपेक्षा तो शतपटीने बरा, असे ते सांगतात. ‘शिनचॅन’ या जपानी मालिकेवर भारत सरकारने २००८ साली बंदी घातली होती आणि पुढच्या वर्षी ती फेरफारांसह परतली, याचा दाखला या ठिकाणी हमखास दिला जातो. योगायोगाने ज्या वर्षी शिनचॅन गेला त्याच वर्षी भीम आला.

ठोशाविषयीचा आक्षेप फार ताणण्यात अर्थ नाही. बळाने दुष्टाचे पारिपत्य ही बालकथेची सार्वत्रिक रूढी आहे; बकासुराच्या गोष्टीत भीमही भात खाऊनच लढतो. खरे दोष अन्यत्र आहेत, आणि ते तक्रारींत क्वचित ऐकू येतात. पहिला दोष कालियाचा. या मालिकेत दांडगाईखोर मुलाचा वर्ण सावळा आहे आणि त्याचे नावही त्याच्या वर्णावरून पडल्यासारखे आहे. उलट चुटकी गोरी आणि लालचुटूक गालांची आहे. पुराणातील कालिया नागाशी हे नाव जोडून घेता येईल, पण मुलाच्या कानाला पुराण ऐकू येण्याआधी ‘काला’ ऐकू येतो. वर्गातील एखाद्या सावळ्या मुलाला हे नाव चिकटविण्यास फार वेळ लागत नाही. ज्या गोष्टीने विविध मुलखांतील मुलांना एकत्र आणले तिनेच त्यांच्या हाती एकमेकांना चिडविण्याचे साधनही दिले, ही तिची मोठी उणीव आहे.

दुसरा दोष चुटकीचा. ती हुशार आहे, धीट आहे. परंतु कथेच्या यंत्रात तिचे मुख्य काम भीमापर्यंत लाडू पोचविणे हेच राहते. या पात्राविषयी प्रेक्षकांना काय वाटते हे २०२० साली अनपेक्षितपणे उघड झाले. मालिकेच्या शेवटी भीमाचा विवाह चुटकीऐवजी इंदुमतीशी झाला अशी हूल उठली आणि तरुण प्रेक्षकांनी चुटकीला न्याय मिळावा म्हणून मोठा गजर केला. अखेर निर्मात्यांना सांगावे लागले की ही पात्रे अजून मुलेच आहेत आणि त्यांची लग्ने झालेली नाहीत. प्रसंग विनोदी होता, पण त्यातील अर्थ विनोदी नव्हता. २००८ साली जी मुले सहा-सात वर्षांची होती ती आता वयात आली होती; भीम मात्र नऊ वर्षांचाच राहिला होता. प्रेक्षक वाढला, पात्र वाढले नाही. आणि दोहोंतील हे अंतर लग्नाच्या कल्पनेने भरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

मराठीतील अनुभव याच्या उलट आहे. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुस्तकांत शाळकरी राहिला. पण २०१७ च्या मराठी चित्रपटात तो तरुण होऊन आला. जुन्या वाचकांना यामुळे ओळखीचा माणूस भेटला. नव्या बालकांना मात्र त्यांच्या वयाचा फेणे मिळाला नाही. एका मालिकेने बालकाला धरून ठेवले आणि तरुणाला निराश केले. दुसरीने तरुणाला जवळ केले आणि बालकाला सोडले. कासारवाडीतील आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर यातील दुसरे नुकसान अधिक खरे आहे.

दम्यानच्या कथेतील नैतिक अडचणही येथेच नोंदविली पाहिजे. अनर्थ होतो तो मोठ्यांच्या लोभामुळे. तो निस्तरतो एक लहान मुलगा. इतपत हे बालकथेला धरूनच आहे. परंतु काळात मागे जाऊन मूळच पुसून टाकण्याची युक्ती आली की लोभाची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही. दार उघडले, आणि उघडलेच नव्हते असे झाले. जुन्या कथेत दार उघडणारा शहाणा होतो. येथे त्याला शहाणे होण्याचे प्रयोजन उरत नाही. चित्रपटाचे खरे वैगुण्य हे आहे, आणि ते मारामारीच्या तक्रारीखाली झाकले जाते.

५

चौथा प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी हे चित्रपट प्रामुख्याने हिंदीतून पाहिले. यावर मराठी पालकांतच दोन तट आहेत. मुलगा घरात ‘वाचवा’ म्हणण्याऐवजी ‘बचाओ’ म्हणतो, टुनटुनला मौसी म्हणता म्हणता शेजारच्या मावशीलाही मौसी म्हणतो, ‘मला मदत कर’ याऐवजी ‘माझी मदत कर’ असे बोलतो, म्हणून एक तट अस्वस्थ आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की शेजारी भोजपुरी बोलणारे कुटुंब आहे, कारखान्यात हिंदी लागते, तेव्हा मूल खेळताखेळता एक भाषा फुकट शिकले तर बिघडले काय? उत्तरेकडून आलेल्या पालकांना तर हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या दृष्टीने ही हिंदी शुद्ध आणि सभ्य आहे, किंबहुना घरच्या बोलीपेक्षा वरची आहे.

या वादात शब्दांची यादी करून फारसे हाती लागत नाही. लाडूचा लड्डू झाला म्हणून मराठी बुडत नाही. ‘माझी मदत कर’ यासारख्या रचना अधिक विचारार्ह आहेत, कारण तेथे शब्द मराठी राहून विभक्तीची योजना बदलते. पण भाषासंपर्कात असे बदल नेहमीच होत आले आहेत. लक्ष द्यावयास हवे ते भाषेने केलेल्या भेदांकडे. दोन उदाहरणे पुरेशी होतील.

पहिले संबोधनाचे. मराठी घरात आईला ‘तू’ म्हणतात. हे ‘तू’ अनादराचे नाही; ते जवळिकीचे आहे, आणि ज्या देहूत तुकोबा होऊन गेले तेथून जवळच राहणाऱ्या वस्तीला देवालाही ‘तू’ म्हणण्याची सवय आहे. हिंदी बालपटांतील सुशील मूल मात्र वडीलधाऱ्यांना ‘आप’ म्हणते. उत्तरेकडील पालकाला त्यात संस्कार ऐकू येतो. मराठी आईला तेच ऐकताना आपण परकी झाल्यासारखे वाटते. एकच वाक्य, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकीकडे विनय ठरते आणि दुसरीकडे दुरावा. चित्रपट सभ्य आहे की नाही याविषयीचा मतभेद पुष्कळदा अशा सर्वनामात दडलेला असतो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या भाषेपुरते बरोबर असतात.

दुसरे उदाहरण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे. मराठीत बोलणाऱ्याला ठरवावे लागते की ऐकणारा आपल्यात धरला आहे की नाही. ‘आम्ही खेळतो’ म्हटले की तू बाहेर. ‘आपण खेळू’ म्हटले की तू आत. बोलीतील ‘अपन’ सोडला तर प्रमाण हिंदीचा ‘हम’ हा भेद करीत नाही. भीम आपल्या सवंगड्यांना ‘हम’ म्हणतो तेव्हा कालिया त्यात आहे की नाही हे प्रसंगावरून जाणावे लागते. चार मुलखांतील मुले जेथे एकत्र खेळतात त्या अंगणाला ‘आपण’ या शब्दाची गरज सर्वांत जास्त आहे. मराठी मुलाजवळ हा शब्द आहेच, आणि हिंदी चित्रपट पाहून तो नाहीसा होत नाही. मूल दोन भाषांची खाती वेगळी ठेवू शकते. परंतु खेळाचे, साहसाचे आणि कल्पनेचे सारे क्षेत्रच जर दुसऱ्या भाषेकडे गेले तर ‘आपण’ फक्त जेवायला बोलावताना आणि अभ्यासाला बसताना उरतो. भाषेचा ऱ्हास तिच्यात परके शब्द शिरल्याने होतो त्यापेक्षा तिचे क्षेत्र आकुंचित झाल्याने अधिक होतो. या प्रश्नाचे गांभीर्य एवढ्यातच आहे.

रांगत्या भीमाची २०१९ ची मालिका या संदर्भात बोलकी आहे. तीत संवाद जवळजवळ नाहीत. ती निरनिराळ्या देशांतील लहान मुलांपुढे गेली, आणि भाषेविषयीचा मतभेद तिच्या वाट्याला आला नाही. कारण भाषाच नव्हती. त्याबरोबरच गोष्टही फार थोडी उरली. वाद टाळण्याचा हा मार्ग दोन वर्षांच्या बालकापुरता ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते, आणि गोष्टीला भाषा लागते.

मग दोष कोणाचा? येथे ‘चांदोबा’ची आठवण उपयोगी पडेल. मद्रासहून निघणारे ‘चंदामामा’ हे मासिक १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू झाले आणि १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ या नावाने येऊ लागले. त्यातील चित्रे दक्षिणेची होती, राजे कोणत्या देशाचे हे कळत नसे, नगरांची नावे ढोलकपूरइतकीच काल्पनिक असत. तरीही अनेक पिढ्यांच्या मराठी मुलांना ते परके वाटले नाही, कारण ते त्यांच्यापर्यंत मराठीतून पोचत होते. विक्रम आणि वेताळ त्यांच्याशी मराठीत बोलत होते. ‘चांदोबा’ आला मद्रासहून, ‘छोटा भीम’ आला हैदराबादहून. दोघांची जन्मस्थाने परक्या मुलखात, दोघांची भूगोलाविषयीची बेफिकिरी सारखीच. फरक पडला तो शेवटच्या टप्प्यात, मुलाच्या कानाशी. तेव्हा हा परप्रांतीय माल आहे ही तक्रार फोल आहे. तो मराठी करून घेण्याची निकड आपल्याला वाटली नाही, ही तक्रार खरी आहे.

मराठीत बालांसाठी ॲनिमेशन झालेच नाही असेही नाही. २०१८ मध्ये शिवछत्रपतींवरील ‘प्रभो शिवाजी राजा’ हा पूर्ण लांबीचा मराठी ॲनिमेशनपट आला. परंतु एक चित्रपट हा मुलाचा सोबती होऊ शकत नाही. भीमाचे बळ त्याच्या लाडवात नाही, त्याच्या रोजच्या येण्यात आहे. मूल चित्रगृहात जाते ते अनोळखी कथा ऐकण्यासाठी नव्हे; रोज घरी येणाऱ्या मित्राला एकदा मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी जाते. प्रौढ समीक्षकाला कथानक उघडेवाघडे वाटते आणि मुलाला ते पुरेसे वाटते, याचे बरेचसे रहस्य येथे आहे. गोट्या, चिंगी, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे असे सोबती मराठी पुस्तकांनी पूर्वी दिले होते. पडद्यावर मात्र तसा रोजचा सोबती मराठीला उभा करता आलेला नाही.

६

या विवेचनातून निष्पन्न होते ते असे की ‘छोटा भीम’विषयीचा मतभेद हा एकाच वस्तूविषयीचा मतभेद नाही. आजोबा नावाचा न्याय करतात, तरुण चित्राचा करतो, आईबाप वर्तनाचा करतात, भाषाभिमानी संवादांचा करतो, आणि मूल मैत्रीचा करते. पाचही जण ‘चित्रपट चांगला’ किंवा ‘चित्रपट वाईट’ हेच शब्द वापरीत असल्यामुळे ते परस्परांशी भांडत आहेत असे वाटते. वस्तुतः ते पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

या प्रश्नांचे मूल्य सारखे नाही. नावाविषयीचा आक्षेप टिकत नाही. चित्राविषयीचा आक्षेप २०१२ च्या कृतीपुरता सौम्य आणि २०२४ च्या कृतीपुरता कठोर ठरतो. वर्तनाविषयीचा आक्षेप योग्य आहे, पण तो ठोशांवर खर्च न करता कालियाच्या वर्णावर, चुटकीच्या दुय्यमतेवर आणि पुसून टाकलेल्या अपराधावर केंद्रित व्हावयास हवा. भाषेविषयीचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु तो चुकीच्या पत्त्यावर पाठविला जातो. तो हैदराबादच्या निर्मात्याकडे जाण्याचे कारण नाही, आणि हिंदी बोलले म्हणून मुलाला रागे भरून तर काहीच साधत नाही. त्या मुलाने मिळाले ते घेतले. देण्याचे काम ज्यांचे होते त्या मराठी लेखकांनी, चित्रकारांनी, वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी या आक्षेपाचे उत्तर द्यावयाचे आहे.

कला म्हणून दम्यानचा चित्रपट मध्यम प्रतीचा आहे. सामाजिक घटना म्हणून तो त्याहून मोठा आहे. कारण निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या श्रमिकांच्या मुलांना एकमेकांशी खेळण्यासाठी लागणारी सामाईक गोष्ट त्याने व त्याच्या मालिकेने पुरविली. हे काम हलके नव्हते. ते मराठीत झाले असते तर ‘आपण’ या शब्दाला कासारवाडीच्या अंगणात एक नवे क्षेत्र मिळाले असते, आणि भोजपुरी घरातील मुलालाही तो शब्द खेळताखेळता मिळाला असता. बालपटाची समीक्षा करणाऱ्याने मुलांच्या आवडीला नाक मुरडण्याऐवजी या न झालेल्या कामाचा हिशेब मागितला, तर त्या समीक्षेचा काही उपयोग होईल.